बोरझिऱ्याचा गटारवैद्य

आता असं समजा, की तुम्ही एका नाल्याच्या काठावर उभे आहात. नाक धरलंत? धरा, हरकत नाही. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पंधरा वर्षं पुढे सरकवा, म्हणजे झालं. गाव आहे बोरझिरे. सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशच्या अगदी टोकाला असलेलं तालुक्याचं गाव. इथून मध्य प्रदेश अर्ध्या तासावर, गुजरात पाऊण तासावर. चैत्र संपत आलाय आणि ऊन असं, की अनवाणी कुत्रंसुद्धा सावलीसावलीने चालतंय.

नाल्याच्या काठावर पत्र्याची एक खोली दिसतेय ना? पानटपरीपेक्षा थोडी मोठी. आत कपाटाएवढी पांढरी पेटी आहे आणि तिची नळी थेट नाल्यात सोडलेली आहे. बाहेर पाटी आहे, 'सांडपाणी जनुक-वाचक केंद्र, नगरपरिषद बोरझिरे'. एवढं लांबलचक नाव कोण घेतो? गावाने त्या पेटीचं बारसं केव्हाच करून टाकलंय. गटारवैद्य!

नावाला हसा, पण त्याचं काम ऐका. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबच लांब धागा असतो आणि त्यावर चार अक्षरांच्या लिपीत त्या जिवाची सगळी कुंडली लिहिलेली असते. हीच जनुकं. हत्तीला असतात, गुलाबाला असतात, तशीच डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनाही असतात. आता गंमत बघा. माणसाच्या पोटात आजाराचा जंतू शिरला, की माणूस अंथरुणाला खिळायच्या आधीच तो जंतू शौचावाटे गटारात पोचलेला असतो. माणसाला अजून काही कळलेलं नाही, डॉक्टरला कळलेलं नाही, पण नाल्याला कळलेलं आहे! गटारवैद्य दर तासाला कपभर पाणी ओढून घेतो, त्यातल्या धाग्यांवरची अक्षरं वाचतो आणि सांगतो, हा काविळीचा, हा विषमज्वराचा. तुम्ही नाही का, वर्गात बसल्याबसल्या नुसत्या चपलांच्या आवाजावरून ओळखता, की सर आले? तसंच. शिवाय तो आकडाही सांगतो, कपभर पाण्यात कुठले जंतू किती.

एक गोष्ट मात्र तो सांगू शकत नाही. कोणाचे, ते. नाल्यात सगळ्या गावाचं पाणी मिसळलेलं. नाल्याला नावं ठाऊक नसतात.

देशातल्या गावोगावच्या गटारवैद्यांचे आकडे दिल्लीला जायचे, राष्ट्रीय पहारा केंद्रात. तिथे भारताचा भलामोठा नकाशा होता. गाव ठीक असेल तर हिरवा ठिपका, शंका असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल.

बोरझिऱ्याचा ठिपका हिरवा होता. आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

हर्षाली निकुंभ बारा वर्षांची होती. तिची आई मीनाक्षी नगरपरिषदेत कंत्राटावर यंत्रचालक होती. म्हणजे गटारवैद्याची नळी साफ करायची, रसायनं भरायची आणि दर बुधवारी आठवड्याचा आकडा दिल्लीला पाठवायचा. सुट्टी लागल्यापासून हर्षाली आईबरोबर यायची. घरी तिच्या पप्पांनी तिला दह्याच्या भांड्यांजवळ फिरकायची बंदी केली होती, हे त्याचं खरं कारण.

त्या बुधवारी पडद्यावर पटकीचे आकडे होते. पटकी म्हणजे कॉलरा. अंगातलं पाणी काही तासांत उपसून काढणारा आजार. वेळीच मीठ-साखरेचं पाणी मिळालं तर माणूस उठून बसतो, उशीर झाला तर मात्र हातचा जातो.

"आई, हे बघ ना. बुधवार ते सोमवार रोज सात. आणि काल दोनशे ऐंशी!"

"मशीनला उचकी लागते कधीकधी," आई नळी पुसत म्हणाली.

"दर मंगळवारी? मागच्या मंगळवारीही दोनशे सत्तर आहेत. त्याच्या मागच्या..."

"हर्षू, मला काम करू दे."

आईने सात दिवसांचे आकडे मिळवले. तीनशे बावीस. त्याला सातने भागलं. सेहेचाळीस. दिल्लीच्या फॉर्ममध्ये एकच चौकोन होता, साप्ताहिक सरासरी. तिथे तिने सेहेचाळीस लिहिले. पन्नासच्या आत असलं, की हिरवा.

तुम्हाला काही खटकलं का? हर्षालीला खटकलं. ती म्हणाली, "म्हणजे मी मंगळवारी सात प्लेट जिलेबी खाल्ली आणि सहा दिवस काहीच नाही खाल्लं, तर सरासरी रोज एक प्लेट?"

"बरोबर."

"पण मंगळवारी माझ्या पोटाचं काय झालं ते त्या सरासरीला कुठे कळलं?"

आईचा हात थांबला. खरं म्हणजे तिलाही महिनाभर हेच टोचत होतं. तिने दोनदा मुख्याधिकारी घुगे साहेबांना रोजचे आकडे दाखवले होते. साहेब वाईट माणूस नव्हता, पण पोळलेला होता. दोन वर्षांपूर्वी शेजारचं एक गाव चुकून लाल झालं होतं आणि नियमाप्रमाणे तिथला आठवडे बाजार आपोआप एकवीस दिवस बंद पडला होता. भाज्या कुजल्या, बांगडीवाल्या रडल्या. म्हणून साहेबांचं ठरलेलं होतं, "मॅडम, वर मागतात तेवढंच द्यावं. जास्त दिलं की जास्त विचारतात."

आणि पुढचा मंगळवार साधासुधा नव्हता. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा बाजार होता! सासरी गेलेल्या पोरी आखाजीला माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात. त्याच्या आधीच्या बाजाराला साठ गावं आणि पाडे बोरझिऱ्यात लोटतात. दहा हजार माणूस. हर्षालीचे पप्पा लोटन निकुंभ त्या दिवसासाठी वर्षभर थांबायचे, कारण त्यांचा धंदाच बाजारातला. लोटनभाऊ मठ्ठेवाले! आलं, जिरं, कोथिंबीर घातलेला थंडगार मठ्ठा. या वेळी त्यांनी नवं तपेलं घेतलं होतं, एवढं मोठं, की हर्षालीने आत बसून गाणं म्हटलं तर घुमायचं. बसली म्हणून ओरडाही खाल्ला होता.

गुरुवारी आई-मुलगी सरकारी दवाखान्यात रसायनाच्या बाटल्या आणायला गेल्या. व्हरांड्यात हर्षालीला तिच्या वर्गातली रमिला पावरा दिसली. मांडीवर पाच वर्षांचा भाऊ दितू. हाताला सलाईन, डोळे खोल गेलेले.

"काय झालं गं याला?"

"काल सकाळपासून नुसता वाहतोय. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं." रमिलाने ओढणीने त्याचं तोंड पुसलं. "आता बोलतोय जरा. काल तर हाका मारल्या तरी बघत नव्हता."

"बाई गं."

"आमच्या पाड्यावर अजून चौघं आहेत असेच."

"सगळ्यांना ऊन लागलं?"

"सगळे ऊनच म्हणतात. पण देवचंदकाका तर बाजारातून आला तो घराबाहेर पडलाच नाही. त्याला घरात बसून कसं लागलं ऊन?"

हर्षालीने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा उतरला होता.

"रमिला," आईने हळूच विचारलं, "हे सगळे मंगळवारी बाजारात होते?"

"होते ना. आम्ही एकाच जीपमधून आलो होतो."

परत आल्याआल्या आई गटारवैद्याच्या खोलीत शिरली, पडद्यासमोर बसली. दिल्लीच्या फॉर्मच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'अधिक माहिती' असं लिहिलेलं होतं. तिथे बोट लावलं की एक चौकोन उघडायचा. पेटी बसवल्यापासून पंधरा महिन्यांत तो कोणी उघडला नव्हता.

"साहेब रागावतील," हर्षाली म्हणाली.

"रागावू देत."

"तुझं कंत्राट?"

"जूनमध्ये संपतंय. तेव्हाचं तेव्हा." आईने महिनाभराचे रोजचे, तासातासाचे सगळे आकडे त्या चौकोनात टाकले, जंतूच्या जनुकांची अक्षरंही टाकली आणि बटण दाबलं.

किती वेळ लागला असेल? तेरा मिनिटं! हर्षालीने मोजली. फोन वाजला.

"बोरझिरे? मी डॉक्टर नंदिता सैकिया, पहारा केंद्रातून." बाईंचं हिंदी आसामी वळणाचं, मायलेकींचं खानदेशी वळणाचं, पण कोणाचं काही अडलं नाही. "हे तुम्ही कुठे दडवून ठेवलं होतं?"

"तुम्ही मागितलंच नव्हतं, मॅडम," आई म्हणाली.

पलीकडून बाई मोकळेपणी हसल्या. "खरं आहे. चूक आमची. सुरुवातीच्या यंत्रांना जास्त पाठवता यायचं नाही, म्हणून तो एक चौकोन केला होता. यंत्रं बदलली, चौकोन राहिला. आता ऐका. तुमच्या मंगळवारच्या पाण्यात एक विचित्र गोष्ट आहे. माणसाच्या पोटात नेहमी राहणारे काही निरुपद्रवी जंतू असतात. बाजाराच्या गर्दीमुळे ते मंगळवारी दीडपट होतात. ठीक. पण पटकीचे चाळीसपट!"

"म्हणजे?" हर्षालीने मध्येच विचारलं.

"तू कोण?"

"मी हर्षाली. सातवी पास."

"म्हणजे असं, सातवी पास, की हे जंतू माणसांच्या पोटातून आलेले नाहीत. कुठलं तरी दूषित पाणी बाजारातून थेट गटारात सांडतंय. आणि तेच पाणी लोकांच्या पोटातही जातंय. लोक घरोघर, पाड्यापाड्यांवर जाऊन आजारी पडतात, म्हणून तुमच्या गावात रोगी दिसत नाहीत. मी आता सीमेपलीकडच्या गावांनाही रोजचे आकडे मागते. संध्याकाळी फोन करते."

दुपारभर हर्षालीला बसवेना, उठवेना. दिल्लीहून फोन सुटत होते, मध्य प्रदेशात, गुजरातमध्ये, अकरा गावांना. आजवर प्रत्येक राज्याच्या अधिकाऱ्याला आपापलाच तुकडा दिसत होता. सीमेपाशी नकाशा फाटलेला. तो आज कोणीतरी शिवत होतं!

सहा वाजता पडदा उजळला. सैकियाबाईंनी नकाशा दाखवला. बोरझिऱ्याखेरीज आणखी दोन ठिपके लुकलुकत होते.

"मध्य प्रदेशात पाटीखेडा. गुजरातमध्ये सागवाव. जंतूची अक्षरं तीच, जणू एकाच हाताचे ठसे. तिथल्या यंत्रचालकांनाही वाटलं, की मशीन बिघडलंय. पण या तीन गावांना जोडणारी नदी नाही, नळयोजना नाही, थेट बससुद्धा नाही. पाटीखेड्यात आकडा फक्त शुक्रवारी चढतो, सागवावला फक्त रविवारी, तुमच्याकडे मंगळवारी. आमचा संगणक तीन तास डोकं खाजवतोय. शुक्रवार, रविवार, मंगळवार... हे काय गणित आहे?"

हे गणित हर्षालीला पाळण्यापासून पाठ होतं. शुक्रवारी पप्पा पहाटे निघतात. रविवारी दुपारी जेवायला घरी नसतात. मंगळवारी गावातच असतात.

तिने आईकडे पाहिलं. आईलाही कळलं होतं. आईची बोटं पदराचं टोक पिळत होती. "मॅडम," आई कशीबशी म्हणाली, "मी... मी उद्या सांगते विचार करून."

मुलांनो, इथे जरा थांबू. हर्षालीने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर तिला कोण काय म्हणणार होतं? संगणकाला बाजाराचे वार ठाऊक नव्हते. नाल्याला नावं ठाऊक नव्हती. नाव ठाऊक होतं ते फक्त या खोलीतल्या दोघींना. आणि ते तिच्या पप्पांचं होतं. लोटनभाऊंच्या मठ्ठ्याला एकदा पटकीचा डाग लागला, की बाजारात त्यांच्यासमोर कोण उभं राहणार?

पण दितूचे खोल गेलेले डोळेही तिला दिसत होते. आणि आजचा वार होता गुरुवार. उद्या शुक्रवार. पाटीखेड्याचा.

"मॅडम, ते बाजाराचे वार आहेत," हर्षाली एका दमात म्हणाली. "आणि त्या तिन्ही बाजारांना माझे पप्पा जातात. मठ्ठा विकायला."

घरी वादळ झालं. लोटनभाऊ ओट्यावर दही फेटत होते. ऐकलं तसा रवीचा दोर हातातून सुटला.

"माझ्या मठ्ठ्यात? पटकी? अगं, मी दूध तीन उकळ्या काढून घेतो! तपेली घासून उन्हात वाळवतो! तुझ्या आईला विचार, वीस वर्षांत कोणाचं पोट दुखलं का?"

"पप्पा, मी असं नाही म्हणत की..."

"दिल्लीला बापाचं नाव कळवून मोकळी! वा रे लेक!"

"तिने खोटं काय सांगितलं?" आई म्हणाली. "ओरडू नका. तपासून बघू."

आईने हातवाचक आणला होता. खिशात मावेल एवढा, गटारवैद्याचा धाकटा भाऊच. थेंब टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं. दही तपासलं, स्वच्छ. पाणी तपासलं, स्वच्छ. दूध, आलं, कोथिंबीर, रवी, तपेलं आणि शेवटी लोटनभाऊंनी रागाने पुढे केलेले दोन्ही हात, सगळं स्वच्छ!

"बघा!" लोटनभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "लोटन निकुंभचा माल आहे. आरसा आहे, आरसा!"

हर्षालीला एवढा आनंद झाला, की ती हसली आणि रडलीही. पण शाळेतल्या गणितासारखं तिचं मन उत्तर पडताळून बघत होतं. पाणी थेट गटारात सांडतंय, असं बाई म्हणाल्या होत्या. मठ्ठा काही कोणी गटारात ओतत नाही. मग बाजारात काय सांडत असतं, दिवसभर, टपटप, टपटप?

"पप्पा, बर्फ?"

"बर्फाचं काय?"

"बर्फ कुठून घेता?"

"बाजारातच. होळीपासून बर्फवाल्याची गाडी येते ना तिन्ही बाजारांना. लादी उतरवून देतो, भुशात गुंडाळून. आपला जुना बर्फाचा कारखाना बंद पडलाय ना." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "अगं वेडे, बर्फात जंतू कसे जगतील? गारठून मरतात ते."

तुम्हालाही असंच वाटत होतं ना? पुष्कळांना वाटतं. पण थंडीने जंतू झोपतो, मरतोच असं नाही. बर्फ विरघळला की आळस देऊन उठतो. लोटनभाऊ पाणी गाळून घेत, उकळून घेत, पण बर्फही पाणीच असतं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःला काही झालं नाही, कारण त्यांचे दात ठणकायचे. ते बर्फाचा मठ्ठा पीतच नसत.

शुक्रवारी पहाटे तिघंही बॅटरीवरच्या छोट्या हत्तीतून, म्हणजे पप्पांच्या टेम्पोतून, पाटीखेड्याला निघाले. दही मागे, आई-पप्पा पुढे, मध्ये हर्षाली. सीमेची कमान मागे पडली तेव्हा पप्पा म्हणाले, "निघाला नाही ना काही त्या बर्फात, तर तू दिल्लीला परत फोन करायचा. माझ्यासमोर."

"करीन."

बर्फाची गाडी बाजाराच्या तोंडाशीच उभी होती. मासेवाल्या, गोळेवाले, सरबतवाले भोवती जमले होते. लाद्यांखालून पाण्याची धार निघून गटाराकडे चालली होती. आईने त्या धारेतला एक थेंब हातवाचकावर घेतला.

वीस मिनिटं. तुम्ही कधी वीस मिनिटं मोजली आहेत, एकेक करून? अकराव्या मिनिटालाच हातवाचकाचा दिवा लाल झाला.

लोटनभाऊंनी तो लाल दिवा पाहिला. ते खाली बसले.

आई पुढे झाली. "भाऊ, गाडी थांबवा. हा बर्फ कुठला?"

"कारखान्याचा. माशांसाठीचा आहे," बर्फवाला म्हणाला.

"माशांसाठीच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. हा पांढरा कसा?"

"निळा दिसला की गोळेवाले घेत नाहीत ना बाई." तो खांदे उडवून लादी उतरवू लागला. "आणि तुम्ही महाराष्ट्राच्या ना? हे मध्य प्रदेश आहे. तिकडचे कायदे तिकडे."

त्याचं म्हणणं खरंही होतं. आईचा अधिकार कमानीपाशीच संपला होता. पण हातवाचकाचा आकडा कमानीपाशी थांबला नव्हता! लाल दिवा लागला त्याच क्षणी तो दिल्लीच्या पडद्यावर उमटला होता, पाटीखेड्याच्या आणि सागवावच्याही. सहा मिनिटांत स्कूटरवरून एक लठ्ठ, हसरा माणूस धापा टाकत आला. "मुकाती, पाटीखेडा नगरपरिषद! बोरझिरेवाली बहन आपण ना? तुमचा आकडा बघून चहा अर्धा टाकून आलो." त्याच्यामागे अन्ननिरीक्षक, त्याच्यामागे पोलीस. फोनवर सागवावचा अधिकारी, सैकियाबाई, सगळे एकदम बोलताहेत! तीन राज्यं, एक बर्फाची गाडी. पावणेदहाला तिच्या दाराला सील लागलं. अकराला दूरवरच्या त्या कारखान्याला कुलूप.

तेवढ्यात मोठ्याने भांडं वाजलं. लोटनभाऊ छोट्या हत्तीच्या टपावर उभे होते आणि झाकण झांजेसारखं वाजवत होते. वीस वर्षं बाजारात कमावलेला आवाज तो.

"ऐका हो! मी लोटन, मठ्ठेवाला! गेल्या बाजाराला ज्यांनी माझा मठ्ठा प्यायला, त्यात खराब बर्फ होता. मला माहीत नव्हतं, पण होता! कोणाला जुलाब असतील तर ऊन लागलं म्हणू नका. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजा आणि दवाखान्यात न्या. आपल्या पाड्यावर सांगा. शेजारच्याला सांगा!"

तो निरोप जीपमध्ये बसून, सायकलवर बसून, डोक्यावरच्या टोपल्यांबरोबर डोंगरात गेला. पाठोपाठ तिन्ही राज्यांच्या आशाताई जलसंजीवनीची पाकिटं घेऊन गेल्या. सोमवारपर्यंत त्र्याऐंशी रोगी सापडले. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी वाचले. दितू तर रविवारीच सलाईनच्या स्टँडला धरून गाडी गाडी खेळत होता.

इकडे घुगे साहेब शनिवारी सकाळीच गटारवैद्याच्या खोलीत येऊन थडकले होते. "मॅडम, काय केलंत हे! आता लाल होणार. आखाजीचा बाजार बंद!"

फोन चालूच होता. सैकियाबाई म्हणाल्या, "कशासाठी बंद? साहेब, तुम्ही मला नुसते सेहेचाळीस पाठवत होतात. उद्या त्याचे साठ झाले असते, तर मला सगळा बाजार बंद करावा लागला असता, कारण अंधारात माणूस सगळीच दारं लावून घेतो. आता मला बर्फ दिसतोय. मी फक्त बर्फ बंद करते. बाजार भरवा!"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. "मॅडम, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही."

"तुम्हीही आम्हाला नव्हतं सांगितलं," बाई म्हणाल्या. "आता रोज बोलू."

आणि मंगळवार उजाडला. आखाजीचा बाजार असा फुलला, की पाय ठेवायला जागा नाही! कलिंगडांचे डोंगर, बांगड्यांचे हारे, घागऱ्यातल्या पावरा आदिवासी बायका, माहेरवाशिणींची लगबग. फक्त एका ठिकाणी जागा होती. लोटनभाऊंच्या गाडीसमोर.

त्यांनी बर्फाऐवजी मोठमोठे माठ आणले होते, ओल्या फडक्यांत गुंडाळलेले. मठ्ठा गार होता, वास दहा हातांवरून येत होता. लोक जवळ येत, बघत, एकमेकांच्या कानात काही बोलत आणि पुढे जात. बारा वाजले. एक ग्लास खपला नव्हता. लोटनभाऊ कोणावर चिडत नव्हते, तेच हर्षालीला सहन होईना. ते नुसते फडकी पुन्हा पुन्हा भिजवत होते.

"पप्पा, ओरडा ना नेहमीसारखं."

"काय ओरडू, हर्षू? खरं ते त्या दिवशी ओरडून झालं." मग त्यांनी ओल्या हातानेच तिच्या डोक्यावर टपली मारली. "तू सांगितलंस ते बरंच केलंस. ते पोर वाचलं. धंद्याचं काय, बघू."

हर्षाली तिथून जी सुटली, ती थेट नाल्यावर. आई पडद्यापाशी होती. बारा वाजताचा आकडा नुकताच आला होता. नऊ! ऐन बाजाराच्या भर दुपारी, नऊ! आईने तो दिल्लीला पाठवला होता, पाटीखेड्याला पाठवला होता, सागवावला पाठवला होता. तिकडे मुकातींनी अंगठा दाखवल्याचं चित्रही आलं होतं.

"आई, सगळ्यांना कळवलंस?"

"सगळ्यांना."

"बाजारातल्या लोकांना?"

"त्यांच्यासाठी चौकोनच नाही," आई म्हणाली.

हर्षाली शेजारच्या अंगणवाडीत गेली, ताईंना विचारून पोरांचा काळा फळा घेतला आणि डोक्यावर धरून बाजारात घुसली. पप्पांच्या गाडीला तो टेकवून तिने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आपल्या नाल्यातले पटकीचे जंतू. मागचा मंगळवार, दिवसाची सरासरी: २८०. आज दुपारी १२ वाजता: ९.

दोघं थांबले. मग सहा. मग वीस.

गर्दीतून घुगे साहेब पुढे आले. "अगं ए पोरी, हे सरकारी आकडे आहेत!"

"हो साहेब. आपल्याच नाल्याचे," हर्षाली म्हणाली.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग ते चष्मा पुसू लागले.

डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका पावरा म्हातारीने विचारलं, "नऊ म्हणजे चांगलं का वाईट, पोरी?"

"चांगलं, आजी. पण अजून शून्य नाही. ज्यांना बरं वाटायला लागलंय, त्यांचे हे उरलेसुरले आहेत. हळूहळू जातील. कालपर्यंत मी पण बरंच काही चुकीचं समजत होते. तुम्हाला सगळं सांगू?"

"सांग की. आधी तो मठ्ठा दे. डोंगर उतरून आलेय मी."

लोटनभाऊंनी ग्लास भरला. म्हातारीने एका दमात संपवला, ओठ पुसले आणि ग्लास पुन्हा पुढे केला. तिच्यामागे एक जण उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा.

"पण आता एक वाजत आला," मागून कोणीतरी म्हणालं. "हा आकडा बाराचा आहे. आत्ताचा किती?"

प्रश्न अगदी बरोबर होता.

हर्षालीने खडू फ्रॉकच्या खिशात टाकला आणि एक वाजताचा आकडा आणायला ती नाल्याकडे धूम पळाली.